अमेरिकेतील पिकअप ट्रकची वाढती किंमत आणि वाहन बदलण्याचा प्रश्न : एक ऐतिहासिक अभ्यास (१९२५ ते २०२५)

प्रस्तावना

महाराष्ट्रात ‘पिकअप’ हा शब्द उच्चारला की भाजीपाल्याच्या क्रेटनी भरलेली, पहाटेच्या वेळी बाजार समितीच्या आवारात उभी असलेली मालवाहू गाडी डोळ्यांसमोर येते. अमेरिकेत हाच शब्द शंभर वर्षांपूर्वी याच अर्थाने रूढ झाला. मागे उघडा हौदा, पुढे दोन माणसांची बैठक आणि शेतकऱ्याच्या ऐपतीत बसणारी किंमत, एवढेच त्याचे स्वरूप होते. आज त्याच देशात पूर्ण आकाराच्या नव्या पिकअपची सरासरी विक्री किंमत ६५,००० डॉलरच्या आसपास पोहोचली आहे. ज्याच्यासाठी हे वाहन निर्माण झाले, त्या लहान शेतकऱ्याला, सुताराला, नळजोडणी करणाऱ्या कारागिराला ते विकत घेताना आता घर घेण्याइतका विचार करावा लागतो.

ही किंमत का वाढली, हा आर्थिक इतिहासाचा प्रश्न मानला जातो. तर जुने वाहन कधी बदलावे, हा हिशेबनीसाचा. वस्तुतः हे दोन्ही प्रश्न एकमेकांत गुंतलेले आहेत. नव्या वाहनाची किंमत वाढली की जुन्या वाहनाचे आयुष्य लांबते, आणि जुने दीर्घकाळ टिकू लागले की निर्मात्याला कमी पण अधिक महाग वाहने विकणे परवडते. प्रस्तुत निबंधात या दोन्ही धाग्यांचा एकत्रित मागोवा घेतला आहे.

१९२५ : एक गाडी आणि एक सूत्र

फोर्ड कंपनीने १५ एप्रिल १९२५ रोजी ‘मॉडेल टी रनअबाउट’ ही गाडी कारखान्यातच बसविलेल्या हौद्यासह बाजारात आणली. किंमत २८१ डॉलर. हौद्याची लांबी ५६ इंच, मागची फळी खाली पाडता येईल अशी आणि मागील कमानी अधिक मजबूत. पहिल्या वर्षात अशा सुमारे ३४,००० गाड्या तयार झाल्या. कल्पना मात्र फोर्डची नव्हती. त्याआधी कित्येक वर्षे शेतकरी मोटारीचा मागचा भाग कापून तेथे लाकडी खोका ठोकत होते आणि गावोगावचे सुतार व लोहार असे हौदे बनवून देत होते. कारखान्याने ग्राहकाची ही युक्ती उचलली, एवढेच. २८१ डॉलर ही रक्कम ग्राहक किंमत निर्देशांकाच्या आधारे २०२४ च्या मूल्यात मांडली तर सुमारे ५,००० डॉलर भरते. आजच्या सर्वांत साध्या ‘एफ-१५०’ ची छापील किंमत ३७,००० डॉलरच्या पुढे आहे. अर्थात, ही तुलना सरळ नाही. १९२५ च्या गाडीला २० अश्वशक्तीचे इंजिन होते. सुरक्षा पट्टा, वातानुकूलन, प्रदूषण नियंत्रण यांपैकी काहीही तिच्यात नव्हते. तरीही सातपटींहून अधिक असलेला हा फरक केवळ गुणवत्तेतील वाढीच्या खात्यावर टाकता येत नाही.

योगायोग असा की, त्याच वर्षी सप्टेंबर महिन्यात हॅरॉल्ड हॉटेलिंग या तरुण गणितज्ञाचा घसाऱ्याविषयीचा निबंध अमेरिकन सांख्यिकी संघटनेच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. तत्पूर्वी, १९२३ मध्ये, जे. एस. टेलर यांनी यंत्राचे आयुष्य असे ठरवावे की त्याच्या उत्पादनाचा प्रति नग खर्च किमान राहील, असे प्रतिपादन केले होते. हॉटेलिंग यांनी विचार एक पाऊल पुढे नेला. यंत्राचे मूल्य त्याच्या खरेदी किमतीत नसून यापुढे ते जे काम करील त्यातून चालविण्याचा खर्च वजा जाता उरणाऱ्या रकमेच्या वर्तमान मूल्यात असते, आणि ते केव्हा भंगारात काढायचे हा निर्णय त्याच मूल्याशी निगडित असतो, हे त्यांनी गणिताने दाखविले. हौदा जोडलेली गाडी विकत घेणाऱ्या आयोवातील शेतकऱ्याने हा निबंध वाचला असण्याची शक्यता नाही. पण ‘आता ही ठेवावी की काढावी’ या त्याच्या प्रश्नाचे शास्त्रीय रूप त्याच वर्षी छापून आले होते.

युद्धकाळ आणि त्यानंतर

महामंदीत नवे वाहन घेणे बहुतेकांच्या आवाक्याबाहेर गेले आणि जुने चालू ठेवणे ही सक्ती बनली. युद्धाने त्या सक्तीला कायद्याचे रूप दिले. १९४२ मध्ये नागरी वापराच्या मोटारींचे उत्पादन थांबले. मालवाहू गाड्यांना त्याच वर्षापासून युद्धोपयोगितेचे प्रमाणपत्र बाळगावे लागू लागले. टायरची नियमित तपासणी अनिवार्य झाली आणि वेगमर्यादा ताशी ३५ मैलांवर आणली गेली. हप्तेबंदीवरही बंधन आले. १९४१ च्या सरकारी नियमानुसार मोटारीचे कर्ज १८ महिन्यांत फेडावे लागे. आज हेच कर्ज ७२ व ८४ महिन्यांसाठी सर्रास दिले जाते. मुदतीतील ही वाढ ध्यानात घेतल्याशिवाय किमतीतील वाढ समजत नाही. ग्राहक दुकानात किंमत विचारीत नाही, महिन्याचा हप्ता विचारतो. हप्ता तोच ठेवून मुदत लांबविली की किंमत वाढविण्यास वाव मिळतो.

युद्धोत्तर काळात कारखान्यांतील झिजलेली यंत्रे बदलण्याचा प्रश्न राष्ट्रीय पातळीवर चर्चेस आला. जॉर्ज टर्बोर्ग यांचा १९४९ सालचा ग्रंथ याच चर्चेतून जन्मला. त्यांनी वापरलेली परिभाषा मुष्टियुद्धाच्या आखाड्यातली आहे : सध्या हाती असलेले यंत्र हा ‘बचाव करणारा’ आणि बाजारातील नवे यंत्र हा ‘आव्हान देणारा’. नवे यंत्र जितकी जास्त वर्षे ठेवावे तितका त्याच्या भांडवलाचा वार्षिक भार उतरत जातो, पण दुरुस्ती आणि मागासलेपणा यांमुळे होणारे नुकसान चढत जाते. या दोहोंची बेरीज जेथे सर्वांत कमी होते, तो नव्याचा खरा वार्षिक खर्च. जुन्याचा पुढील एका वर्षाचा खर्च त्याहून अधिक झाला तरच जुने काढावे. जुन्यावर आजवर किती पैसा गेला, हा प्रश्न टर्बोर्ग यांच्या दृष्टीने गैरलागू होता.

कोंबडी आणि पंचवीस टक्के

पिकअपच्या किमतीचा इतिहास ज्या घटनेने वळला, तिचा मोटारींशी प्रारंभी काडीमात्र संबंध नव्हता. महायुद्धानंतर अमेरिकेत कुक्कुटपालनाचे मोठे उद्योग उभे राहिले आणि गोठविलेली स्वस्त कोंबडी पश्चिम जर्मनीच्या बाजारात शिरली. तेथील शेतकऱ्यांच्या तक्रारींनंतर युरोपीय आर्थिक समुदायाने १९६२ मध्ये या मालावर जबर आकार बसविला. वाटाघाटी निष्फळ ठरल्या. व्यापारविषयक आंतरराष्ट्रीय मंडळाने अमेरिकेचे नुकसान २ कोटी ६० लाख डॉलर ठरविले. तेवढ्या रकमेची भरपाई म्हणून अध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी ४ डिसेंबर १९६३ रोजी बटाट्याचा स्टार्च, डेक्स्ट्रिन, ब्रँडी आणि मालवाहू मोटारी या चार वस्तूंवर वाढीव कर जाहीर केला. मालवाहू मोटारींवरील दर होता २५ टक्के, आणि अंमल ७ जानेवारी १९६४ पासून. रोख फोक्सवागनच्या मालवाहू गाड्यांवर होता. मात्र व्यापार नियमांनुसार कर एकट्या जर्मनीवर लादता येत नव्हता, म्हणून तो जगभरच्या सर्व निर्मात्यांना लागू झाला. त्या सुमारास मोटार कामगार संघटनेचे नेते वॉल्टर रॉयथर यांना खूश ठेवण्याची राजकीय गरजही जॉन्सन यांच्यापुढे होती.

पुढे इतर तीन वस्तूंवरील वाढीव कर उठले. पिकअपवरचा राहिला. प्रवासी मोटारीवर २.५ टक्के आणि पिकअपवर २५ टक्के, असा दहापटींचा फरक दशकानुदशके टिकला. तो चुकविण्यासाठी झालेल्या क्लृप्त्यांचा इतिहास मनोरंजक आहे. जपानी बनावटीचे छोटे ट्रक हौद्याविना, केवळ सांगाडा व केबिन अशा रूपात, कमी दराने आयात होत आणि हौदा अमेरिकेत बसविला जाई; १९८० मध्ये ही पळवाट बंद झाली. सुबारूने आपल्या छोट्या पिकअपच्या हौद्यात चक्क दोन प्लास्टिकच्या खुर्च्या बसवून तिला प्रवासी गाडी ठरविले. फोर्डसारख्या स्वदेशी कंपनीनेही तुर्कस्तानातून आणलेल्या मालवाहू व्हॅनना मागच्या बैठका बसवून त्या आणल्या आणि बंदरावर उतरताच काढून टाकल्या. हे प्रकरण न्यायालयात गेले, २०१९ मध्ये निकाल कंपनीच्या विरोधात लागला आणि २०२४ मध्ये ३६.५ कोटी डॉलर भरून ते मिटले.

परदेशी निर्मात्यांनी यावर शोधलेला स्थायी उपाय म्हणजे अमेरिकेतच कारखाना काढणे. निसानच्या टेनेसीतील कारखान्यातून १९८३ मध्ये बाहेर पडलेले पहिले वाहन पिकअपच होते. पण कारखाना उभारण्याइतके भांडवल गुंतविल्यावर स्वस्त व लहान गाडीपेक्षा मोठी व महाग गाडी बनविणेच फायद्याचे ठरते. कराचा खरा परिणाम येथे दिसतो. त्याने प्रत्येक पिकअपची किंमत २५ टक्क्यांनी वाढविली असे म्हणता येणार नाही, पण बाजाराच्या तळाशी उभे राहू शकणारे स्पर्धक त्याने दूर ठेवले. मुंबईस्थित महिंद्र अँड महिंद्र कंपनीचा अनुभव या संदर्भात नमूद करण्याजोगा आहे. कंपनीने २००६ मध्ये एका अमेरिकी वितरकाशी डिझेल पिकअपच्या विक्रीचा करार केला. कर टाळण्यासाठी सुटे भाग तेथे नेऊन जुळणी करण्याचा विचार होता. २०१० मध्ये पर्यावरण खात्याचे प्रमाणपत्र मिळाले, पण त्याच वर्षी करार मोडला आणि ते वाहन अमेरिकी ग्राहकापर्यंत पोहोचलेच नाही.

वजन, इंधन आणि प्राप्तिकर

किंमत वाढविणारे दुसरे कारण कायद्याच्या व्याख्येत दडलेले होते. १९७० च्या दशकातील प्रदूषणविषयक नियम ६,००० पौंडांपर्यंतच्या एकूण भारक्षमतेच्या गाड्यांना कडकपणे लागू होते. फोर्डने १९७५ मध्ये आणलेली ‘एफ-१५०’ ही मालिका जाणीवपूर्वक या मर्यादेच्या किंचित वर ठेवलेली होती. त्याच वर्षी झालेल्या ऊर्जा कायद्याने मोटारींना इंधन कार्यक्षमतेचे उद्दिष्ट घालून दिले. हलक्या ट्रकना मात्र वेगळे आणि सौम्य उद्दिष्ट मिळाले. शेतकऱ्याच्या अवजाराला सवलत, हा त्यामागील हेतू समजण्यासारखा आहे. पण सवलत अवजाराला न मिळता व्याख्येला मिळाली, आणि व्याख्येत बसणारी आलिशान वाहने तयार होऊ लागली. २००६ च्या नियमाने हलक्या ट्रकचे उद्दिष्ट चाकांमधील क्षेत्रफळाशी जोडले : गाडी जितकी पसरट, तितकी अपेक्षा कमी. छोट्या पिकअपला या हिशेबात जागा उरली नाही. फोर्डची ‘रेंजर’ आणि डॉजची ‘डकोटा’ या दोन्हींचे अमेरिकेतील उत्पादन २०११ मध्ये थांबले. ‘रेंजर’ २०१९ मध्ये परतली ती अंगाने भरून.

प्राप्तिकराची तरतूद तर बदलण्याच्या वेळेवरच थेट परिणाम करणारी होती. १९८४ मध्ये व्यवसायासाठी घेतलेल्या महागड्या मोटारींच्या घसाऱ्यावर मर्यादा आली. ६,००० पौंडांवरील वाहने तिच्यातून वगळली गेली. २००३ च्या कायद्याने लहान व्यावसायिकाला एका वर्षात खर्ची टाकता येणारी भांडवली रक्कम २५,००० वरून १,००,००० डॉलरवर नेली. जड, आरामदायी वाहनांच्या खरेदीची लाट आल्यावर २००४ मध्ये त्यांना २५,००० डॉलरची मर्यादा घातली; पण सहा फूट वा अधिक लांब हौद्याचा पिकअप याही वेळी मोकळा सुटला. कर्जाने घेतलेल्या गाडीचीही पूर्ण किंमत पहिल्याच वर्षी वजा दाखविता येते. त्यामुळे वर्षअखेरीस नफा चांगला दिसला की सुस्थितीतील ट्रक काढून नवा घेण्याचा सल्ला कंत्राटदारांना मिळू लागला. दुरुस्तीचा खर्चही करातून पूर्ण वजा होतो, हे या सल्ल्यात सहसा सांगितले जात नाही. जो कर आज वाचतो तो पुढील वर्षांच्या घसाऱ्यातून आधीच उचललेला असतो, आणि हप्ते मात्र सहा-सात वर्षे चालू राहतात.

बदलण्याचा हिशेब

टर्बोर्ग यांची पद्धत एका काल्पनिक उदाहरणाने स्पष्ट होईल. एका कारागिराकडील जुन्या पिकअपला आज १४,००० डॉलर येतात आणि वर्षानंतर ११,५०० येतील असे धरू. उतरणारे मूल्य २,५००, अपेक्षित दुरुस्ती ३,५०० आणि अडकलेल्या रकमेवरील पाच टक्के व्याज ७०० मिळून आणखी एक वर्ष ठेवण्याचा खर्च ६,७०० डॉलर होतो. नवा ट्रक ६०,००० डॉलरचा, दहा वर्षे वापरून १५,००० ला विकला जाणारा असेल, तर वार्षिक मूल्यऱ्हास ४,५००, सरासरी गुंतवणुकीवरील व्याज १,८७५, दुरुस्ती १,२०० आणि विमा-नोंदणीचा जादा खर्च ९०० धरून ८,४७५ डॉलर पडतात. जुना ठेवणेच योग्य. आता नव्याची किंमत ४०,००० आणि अखेरचे मूल्य १०,००० माना, बाकी सर्व तेच ठेवा. खर्च ६,३५० वर येतो आणि निर्णय उलटतो. जुन्या ट्रकमध्ये तसूभरही बदल झालेला नाही. त्याचे निवृत्तीचे वय बाहेरच्या किमतीने ठरविले.

या उदाहरणात एक त्रुटी ठेवलेली आहे : गाडी बंद पडल्याने बुडणाऱ्या कामाचा त्यात समावेश नाही. वर्षातून सहा दिवस ट्रक गॅरेजमध्ये गेला आणि दर दिवशी ३०० डॉलरची मजुरी बुडाली, तर जुन्याच्या खात्यात १,८०० डॉलरची भर पडते. बेरीज ८,५०० होते आणि ६०,००० च्या नव्या ट्रकपुढेही जुन्याचे पारडे २५ डॉलरने का होईना, खाली जाते. सुगीच्या दिवसांत किंवा छप्पर अर्धवट टाकलेले असताना बंद पडलेल्या गाडीची किंमत मेकॅनिकच्या बिलात कधीच दिसत नाही. याउलट, दुरुस्तीचा खर्च गाडीच्या किमतीहून जास्त झाला की गाडी काढावी, हा लोकप्रिय ठोकताळा चुकीचा आहे. ३,५०० डॉलरच्या गाडीवर ४,००० डॉलर घालून ती आणखी दोन वर्षे भरवशाने चालणार असेल, तर तुलना ३,५०० शी करायची नसून त्याच दोन वर्षांत नव्या गाडीवर होणाऱ्या खर्चाशी करायची असते.

अनुभवी माणूस हा हिशेब कागदाविना कसा करतो, याचा अभ्यास अर्थशास्त्रज्ञ जॉन रस्ट यांनी १९८७ मध्ये प्रसिद्ध केला. विस्कॉन्सिनमधील मॅडिसन शहराच्या बससेवेचे देखभाल अधिकारी हॅरॉल्ड झुर्चर यांनी १९७४ ते १९८५ या काळात १६२ बसगाड्यांची इंजिने केव्हा बदलली, याच्या नोंदी रस्ट यांनी तपासल्या. ठरावीक मैल झाले की इंजिन बदला, असा नियम झुर्चर पाळत नव्हते. मैलांसोबतच नोंदवहीत न येणाऱ्या खुणा ते पाहत होते, आणि तरीही त्यांचे निर्णय भविष्यातील खर्चाचा विचार करणाऱ्या गणिती प्रतिमानाशी बव्हंशी जुळत होते. चांगल्या मेकॅनिकच्या कानाला अर्थशास्त्राने दिलेली ही मान्यताच म्हणावी लागेल.

टिकाऊपणा आणि टंचाई

पूर्वी अमेरिकी गाड्यांच्या मैलमापकाला पाचच आकडे असत. ९९,९९९ नंतर पुन्हा शून्य. एक लाख मैल म्हणजे गाडीचा अंत, ही समजूत त्यातच गृहीत होती. जस्तलेपित पत्रा आणि इलेक्ट्रॉनिक इंधन नियंत्रण यांमुळे १९८० च्या दशकापासून ही समजूत मागे पडली. वापरातील मोटारी व हलक्या ट्रकचे सरासरी वय २००२ मध्ये ९.६ वर्षे होते. २०२४ मध्ये ते १२.६ आणि २०२५ मध्ये १२.८ वर्षांवर गेले. या वाढीत टिकाऊपणाचा वाटा किती आणि नवे न परवडण्याचा किती, हे वेगळे काढणे कठीण आहे. दोन्ही एकाच दिशेने काम करतात.

शासनाने २००९ मध्ये ही दिशा बळाने उलटविण्याचा प्रयत्न केला. मंदीत सापडलेल्या उद्योगाला हात देण्यासाठी, जुने व इंधनखाऊ वाहन देऊन नवे घेणाऱ्यास ३,५०० किंवा ४,५०० डॉलर देण्यात आले. तीन अब्ज डॉलरच्या या योजनेत सुमारे ६,७७,००० वाहने जमा झाली आणि त्यांच्या इंजिनांत सोडियम सिलिकेट ओतून ती कायमची निकामी केली गेली. त्यांत चालू स्थितीतील पिकअप मोठ्या संख्येने होते. नवे घेणे कधीच न परवडणाऱ्या तिसऱ्या-चौथ्या मालकाच्या दृष्टीने हा साठाच नष्ट झाला.

टंचाईचा खरा धडा २०२१ मध्ये मिळाला. संगणकीय चिपअभावी हजारो अपूर्ण ट्रक मैदानांवर उभे राहिले. जानेवारी २०२२ अखेरच्या बारा महिन्यांत वापरलेल्या वाहनांचा किंमत निर्देशांक ४०.५ टक्क्यांनी चढला. जुन्या ट्रकला आलेला हा भाव अनेकांना लाभ वाटला. प्रत्यक्षात ज्याच्याकडे एकच ट्रक होता त्याला तो विकून दुसरा घेताना तीच वाढ परत मोजावी लागत होती. विजेवर चालणाऱ्या ‘एफ-१५० लायटनिंग’ ची सुरुवातीची किंमत ३९,९७४ डॉलर होती. मार्च २०२३ मध्ये ती ५९,९७४ झाली.

तळाची जागा भरण्याचा प्रयत्न फोर्डनेच ‘मॅव्हरिक’ या लहान पिकअपद्वारे केला. २०२१ मध्ये तिची किंमत १९,९९५ डॉलर होती आणि मागणी उत्पादनाच्या पुढे धावली. छोटा ट्रक कोणाला नकोच असतो, हा उद्योगाचा जुना युक्तिवाद त्यातून खोटा ठरला. ही गाडी मेक्सिकोतील हर्मोसिलो येथे तयार होते. एप्रिल २०२५ मध्ये आयात मोटारी व हलक्या ट्रकवर नवा २५ टक्के कर लागू झाला. मेक्सिकोतून व्यापार करारानुसार येणाऱ्या वाहनांच्या केवळ बिगर-अमेरिकी भागांवर तो आकारायचा होता, तरी ‘मॅव्हरिक’ ची किंमत त्या वर्षी २६,००० डॉलरच्या पलीकडेच राहिली. सप्टेंबर २०२५ मध्ये सर्व नव्या वाहनांची सरासरी विक्री किंमत प्रथमच ५०,००० डॉलरवर गेली.

दरम्यान, ग्रामीण अमेरिकेतील काही शेतकऱ्यांनी आपला मार्ग वेगळाच काढला आहे. पंचवीस वर्षांहून जुने वाहन सुरक्षा मानकांतून मुक्त असल्याने जपानमधील ६६० घनसेंटीमीटर इंजिनाचे, उजव्या बाजूस सुकाणू असलेले वापरलेले छोटे ट्रक काही हजार डॉलरना आणले जातात. पुण्याच्या ‘छोटा हत्ती’ शी परिचित असलेल्या वाचकाला त्यांचे रूप चटकन ओळखता येईल. काही राज्यांनी त्यांची रस्त्यावरील नोंदणी नाकारली. टेक्सासने २०२४ मध्ये ती खुली केली. बंदरावर उतरताना मात्र या पंचवीस वर्षांच्या म्हाताऱ्या ट्रकवरही १९६४ च्याच दराने, म्हणजे २५ टक्के, कर भरावा लागत आला आहे.